बक्कल, चपरास आणि क्रमांक : लष्करी व पोलीस गणवेशातील पट्ट्याच्या खुणेचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही पोलीस ठाण्याचा पंचनामा, जबाब वा प्रथम खबरी अहवाल वाचताना शिपायाच्या किंवा हवालदाराच्या नावाला जोडून 'ब. नं.' ही अक्षरे आणि त्यापुढे एक आकडा आढळतो. 'ब. नं.' म्हणजे बक्कल नंबर. कमरपट्ट्याच्या पितळी बकलावरील क्रमांक हीच शिपायाची प्रशासकीय ओळख मानली गेली आणि त्यातून हा शब्दप्रयोग रूढ झाला. 'बक्कल' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. 'बक्कल नंबर' ही जोडणी मात्र येथील खात्याच्या व्यवहारात रुजली. अन्य देशांतील पोलीस दलांकडे पाहिले असता हीच गोष्ट निरनिराळ्या नावांनी भेटते. लंडनमध्ये तिला 'कॉलर नंबर' म्हटले गेले, न्यूयॉर्कमध्ये 'शील्ड नंबर', पाकिस्तानच्या पंजाबात 'बेल्ट नंबर'. क्रमांक शिपायाच्या अंगावर कोठे लावलेला होता, त्या जागेवरून ही नावे पडली आहेत.

प्रस्तुत लेखात लष्करी व पोलीस गणवेशातील बकलाच्या इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे. नमुन्यांची जंत्री देणे हा त्याचा हेतू नाही. गणवेशाच्या साहित्याचा अभ्यास आजवर बहुतांशी संग्राहकांवर सोपविला गेला आणि संग्राहकाला नमुन्याच्या दुर्मिळतेत अधिक रस असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. बकलावर काय कोरले गेले, ते कोणाच्या बकलावर कोरले गेले आणि कोणाचे बक्कल कोरे राहिले? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून राज्यसंस्था आपल्या शस्त्रधारी सेवकाकडे कोणत्या नजरेने पाहत होती, हे बऱ्याच अंशी उलगडते.

पट्टा म्हणजे सेवा : रोमन परंपरा

'बक्कल' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत 'गाल' या अर्थाच्या शब्दात आहे. शिरस्त्राण हनुवटीखाली बांधणारा गालपट्टा असा त्याचा प्रारंभीचा अर्थ. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि पट्ट्याच्या कडीस चिकटला. म्हणजे शब्दाच्या जन्मातच शिपाई आहे.

रोमन सैनिकाचा कमरपट्टा, ज्यास 'सिंग्युलम' म्हणत, हा केवळ तलवार अडकविण्याचे साधन नव्हता. नागरी वस्तीत सैनिक चिलखत घालून फिरत नसे. तेव्हा तो सैनिक आहे हे पट्ट्यावरून ओळखले जाई. पट्टा काढून घेणे हा म्हणूनच शिक्षेचा प्रकार होता. ऑगस्टस बादशहा अपराधी शतकाधिपतींना दिवसभर सेनापतीच्या तंबूसमोर, कधी कधी पट्ट्याविना नुसत्या अंगरख्यात, उभे करीत असे, अशी नोंद स्विटोनियसने केली आहे. इ. स. २९८ मध्ये टँजियर येथे मार्सेलस नावाच्या शतकाधिपतीने ख्रिस्ती श्रद्धेपोटी सेवा नाकारली, तेव्हा त्याने निशाणांपुढे आपला पट्टा काढून टाकला, असे त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात सांगितले आहे. राजीनामा देण्याची यापेक्षा स्पष्ट रीत त्या काळी नसावी.

उत्तरकालीन साम्राज्यात एक महत्त्वाचा बदल घडला. मुलकी अधिकारीही पट्टा धारण करू लागले, राज्याच्या कोणत्याही सेवेला लष्करी सेवेचे नाव मिळाले आणि 'पट्टा' हा शब्दच 'पद' या अर्थी वापरला जाऊ लागला. चौथ्या-पाचव्या शतकांतील कोरीव नक्षीची, पशुमुखांनी सजलेली रुंद काशाची बक्कले ब्रिटनपासून डॅन्यूबपर्यंतच्या सरहद्दीवर दफनांत सापडली आहेत. तथापि नक्षी कितीही उंची असली तरी त्या बकलावर धारकाचे नाव असण्याची आवश्यकता नव्हती. 'हा कोण' यापेक्षा 'हा कोणाचा' हे सांगणे, हे त्याचे काम होते. पुढील दीड हजार वर्षे बकलाने हेच काम केले.

गाठ आणि बिल्ला

हिंदुस्थानात बक्कल अज्ञात होते असे म्हणता येणार नाही. घोड्याच्या सामानात आणि तलवारीच्या पट्ट्यावर धातूच्या कड्या व काटे होतेच. परंतु शिपायाची कंबर बकलाने नव्हे, तर कापडाच्या वेढ्याने व गाठीने आवळली जाई. कमरबंद किंवा शेला गुंडाळावा, त्यात कट्यार खोवावी, अशी ती रीत. 'कंबर कसणे', 'कंबर बांधणे' हे मराठीतील वाक्प्रचार त्या गाठीच्या जगातले आहेत. गाठीला एक गुण आहे: ती ज्याची त्याने बांधावयाची असते, आणि एकाची दुसऱ्यासारखी असेलच असे नाही. कवायती फौजेला नेमके हेच नको होते.

अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळात संगीन अडकविण्याचा पट्टा कमरेभोवती असे. सैनिकांना तो अडचणीचा वाटू लागला आणि त्यांनी तो खांद्यावरून तिरका घेण्यास आरंभ केला. ही सोय आधी शिपायांनी शोधली व नंतर नियमांनी मान्य केली. पट्टा छातीवर आल्यावर त्याचे साधे काट्याचे बक्कल डोळ्यांत भरू लागले. १७७० नंतरच्या काळात त्याची जागा धातूच्या बिल्ल्याने घेतली. प्रारंभी हे बिल्ले लंबवर्तुळाकार होते, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ते आयताकृती झाले. अधिकाऱ्यांचे बिल्ले सोनेरी वा रुपेरी मुलाम्याचे, शिपायांचे पितळी. त्यांवर पलटणीचा क्रमांक, मुकुट, आणि पुढे लढायांची नावेही येऊ लागली.

या लढायांत आपल्या भूमीतील एक नाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईबद्दल ७४ व ७८ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणींना 'असई' हे नाव आणि हत्तीची आकृती आपल्या चिन्हांत मिरविण्याचा मान मिळाला. केळणा आणि जुई या नद्यांच्या काठचे एक खेडे अशा रीतीने परक्या सैनिकांच्या बिल्ल्यांवर पोहोचले. कंपनीच्या देशी पलटणींतील शिपायांच्या छातीवरही असेच दोन पांढरे पट्टे एकमेकांना छेदत आणि छेदाच्या जागी बिल्ला चमकत असे. गाठ बांधणाऱ्या समाजातील तरुण या पट्ट्यांत उभा केला गेला, तेव्हा त्याच्या देहावर पलटणीचा आकडा प्रथमच आला. तो त्याचा स्वतःचा आकडा नव्हता, एवढे येथे ध्यानात ठेवावयाचे.

१८५५ मध्ये ब्रिटिश पायदळाचा आखूड कोट जाऊन लांब अंगरखा आला व पट्टा पुन्हा कमरेवर उतरला. मध्ये वर्तुळाकार चिन्ह आणि भोवती पलटणीचे नाव असलेले जोडबक्कल याच काळात रूढ झाले. याशिवाय 'एस' अक्षराच्या आकाराचा, नागमोडी आकडा असलेला एक स्वस्त प्रकार होता. तो ब्रिटिश सैनिकांनी व पोलिसांनी वापरला, निर्यात होऊन अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही पक्षांच्या सैनिकांच्या कमरेलाही आला. अशा अनामिक बकलावर लिहिण्यासारखे काहीच नसते. म्हणूनच ते कोणाच्याही कामी येते.

चपरास आणि पट्टेवाला

लष्करी बिल्ल्याची एक शाखा हिंदुस्थानात कचेऱ्यांत शिरली. या शाखेकडे गणवेशांच्या इतिहासात दुर्लक्ष झाले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बक्कल नंबरचे कूळ शोधावयाचे तर याच वाटेने जावे लागते.

यूल व बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार चपराशी म्हणजे चपरास धारण करणारा, आणि चपरास म्हणजे ज्या कचेरीचा तो सेवक आहे त्या कचेरीचे नाव कोरलेला, कापडी वा कातडी पट्ट्यावर लावलेला बिल्ला. चपरास या शब्दाची व्युत्पत्ती तेथे संदिग्ध मानली आहे. १९०३ च्या सुधारित आवृत्तीत 'चप-ओ-रास्त', म्हणजे फारसीत 'डावे-उजवे', ही लोकप्रचलित उपपत्तीही दिलेली आहे. परंतु जॉन बीम्स या भाषाभ्यासकाने चपरास शब्दाचा मूळ अर्थ बक्कल असाच दिला होता, याकडे कोशकार लक्ष वेधतात. ते ग्राह्य धरल्यास चपराशी हा मुळात 'बकलवाला' ठरतो.

याच कोशात प्रांतवार भेद नोंदविला आहे. चपराशी हा शब्द बंगाल इलाख्याचा, मद्रासेत 'प्यून', आणि मुंबई इलाख्यात 'पट्टेवाला'. बंगालने सेवकाला बिल्ल्यावरून ओळखले, मुंबईने पट्ट्यावरून. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात पट्टा जसा छावणीतून दप्तरात आला, तसाच तो येथेही आला. मामलेदार कचेरीतील पट्टेवाला हुकूम घेऊन गावात शिरला की त्याच्या तोंडचा शब्द नव्हे, तर त्याच्या अंगावरचा पट्टा मानला जाई. पुढे शासकीय मराठीत पट्टेवाल्याचा 'शिपाई' झाला, आणि कॉन्स्टेबलचा 'पोलीस शिपाई'. एकाच फारसी शब्दाने सैनिक, पोलीस आणि कचेरीतील निरोप्या या तिघांना कवेत घ्यावे, हे योगायोगाने घडलेले नाही. तिघांच्याही कमरेचा पट्टा सरकारचा होता. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातही, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, सेवा संपताच नियुक्तीचे प्रमाणपत्र, शस्त्रे, कपडे व साजसरंजाम परत करण्याचे बंधन आहे.

बकलावरील घोषवाक्य : जर्मन उदाहरण

बकलावर अक्षरे कोरण्याचा सर्वांत सातत्यपूर्ण प्रयोग जर्मनीत झाला. प्रशियाने १८४७ मध्ये पेटीसारखे आयताकृती बक्कल स्वीकारले. मध्ये मुकुट व भोवती 'देव आमच्याबरोबर आहे' अशा अर्थाचे राजघराण्याचे ब्रीद. बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग या राज्यांची ब्रीदे निराळी होती; जर्मन साम्राज्य एक झाले, तरी बक्कले एक झाली नाहीत. पहिल्या महायुद्धात पितळेचा तुटवडा पडला आणि राखी रंगाची पोलादी बक्कले आली. राजेशाही संपल्यावर मुकुट गेला, गरुड आला, ब्रीद तसेच राहिले. १९३६ मध्ये त्याच ब्रीदाखाली नाझी स्वस्तिकधारी गरुड कोरला गेला. नाझी पक्षाच्या एसएस दलाने मात्र देवाचे नाव सोडून निष्ठेचे ब्रीद घेतले. ही निष्ठा एका व्यक्तीला वाहिलेली होती. युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या सैन्याने १९६० च्या दशकात ऐक्य, न्याय व स्वातंत्र्य या शब्दांचे बक्कल स्वीकारले, तर पूर्व जर्मनीच्या बकलावर हातोडा, कंपास व धान्याच्या लोंब्या आल्या. सव्वाशे वर्षांत पाच राजवटी बदलल्या. बकलाची चौकट जवळजवळ तीच राहिली आणि राजवटीने बदलला तो मजकूर.

खाकी आणि कोरे बक्कल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, आणि छातीवर वा कमरेवर चमकणारे पितळ धोक्याचे ठरले. बोअर युद्धाने (१८९९-१९०२) कातडी साजाचे दोषही उघडे पाडले. कातडे पावसात ताणते, उन्हात कडक होऊन तडकते. ब्रिटिश सैन्याने १९०८ मध्ये विणलेल्या सुती पट्ट्यांचा संच स्वीकारला व १९३७ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती काढली. हा १९३७ चा नमुना हिंदी सैन्यातही आला आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे वापरात राहिला. त्याचे बक्कल म्हणजे आकडा व कडी अशी साधी पितळी जोडणी. त्यावर पलटणीचे चिन्ह नाही, ब्रीद नाही. रणांगणावरील सैनिकाच्या पट्ट्यावरून अक्षर नाहीसे झाले ते असे. आजही पलटणींचे चिन्हांकित बक्कल रंगीत पट्ट्यावर दिसते, पण ते छावणीत व समारंभात.

अधिकाऱ्यांच्या पट्ट्याची हकिकत निराळी आहे आणि ती हिंदुस्थानातच घडली. सॅम्युएल ब्राउन (१८२४-१९०१) याचा जन्म बराकपूरचा. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतजवळ सिरपुरा येथील चकमकीत त्याने डावा हात गमावला. तलवारीचे म्यान डाव्या हाताने धरल्याविना तलवार उपसणे कठीण. म्हणून त्याने कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून जाणारी आधाराची पट्टी जोडून म्यान एका जागी स्थिर केले. एका अपंग अधिकाऱ्याची ही सोय विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गणवेशाचा अधिकृत भाग बनली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी ती उचलली, तेथून ती अमेरिकेतील पोलिसांकडे गेली. भारतीय पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात ती आजही क्रॉस बेल्ट म्हणून आहे.

सॅम ब्राउन पट्ट्याचे मूळ बक्कल पाहावे. पितळी चौकट, दोन काटे. अक्षर नाही, आकडा नाही. ते कोरे आहे याचे कारण रायफलीचा पल्ला नव्हे. अधिकाऱ्याला त्याच्या पट्ट्याने ओळखण्याची गरज नव्हती; तो नावाने ओळखला जाई. कोऱ्या बकलाचे असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत करता कामा नये. सैनिकाचे बक्कल कोरे झाले ते शत्रूपासून लपण्यासाठी. अधिकाऱ्याचे कोरे राहिले ते प्रतिष्ठेमुळे.

शिपायाचा आकडा

पोलिसाची गरज सैनिकाच्या गरजेच्या नेमकी उलट. सैनिकाने दिसू नये, पोलिसाने दिसावे. सैनिकाच्या समोर शत्रू असतो, पोलिसाच्या समोर नागरिक. आणि नागरिकाला तक्रार करावयाची झाल्यास ती कोणाविरुद्ध, हे सांगता यावे लागते. १८२९ मध्ये लंडनचे नवे पोलीस दल उभे राहिले तेव्हा हे गुप्तहेर तर नव्हेत, अशी शंका जनतेत होती. तिला उत्तर म्हणून प्रत्येक शिपायाला निळा गणवेश व कॉलरवर विभागाचे अक्षर आणि क्रमांक देण्यात आला. शिपायाच्या अंगावरचा क्रमांक हे मूलतः जनतेच्या हाती दिलेले साधन होते, हे आज विसरले जाते.

हिंदुस्थानात दुसराही आदर्श होता. चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये उभारलेले पोलीस दल आयरिश सशस्त्र कॉन्स्टेब्युलरीच्या धर्तीवर होते. सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि ती घडण इलाख्याच्या परिचयाची झाली. या घडणीत पोलीस हा निमलष्करी, बराकीत राहणारा, साजसरंजाम वागविणारा शिपाई होता. लंडनचा क्रमांक आणि आयर्लंडचा सरंजाम यांचा मेळ जेथे बसला, तेथे आकडा कॉलरऐवजी पट्ट्यावर जाणे स्वाभाविक होते, असा तर्क करता येतो. शिवाय पट्ट्यावर धातूची खूण वागविणारा सरकारी माणूस लोकांना अपरिचित नव्हता. पट्टेवाल्याच्या बिल्ल्याने लोकांची नजर आधीच तयार केली होती. फरक एवढाच की बिल्ल्यावर कचेरीचे नाव होते, बकलावर माणसाचा आकडा आला. 'हा कोणाचा' या जुन्या प्रश्नाच्या जोडीला 'हा त्यांतील कितवा' हा प्रश्न आला. 'हा कोण' हे विचारले गेलेच नाही.

याचा परिणाम इतिहासलेखनावरही झाला आहे. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले एस. एम. एडवर्ड्स यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'बॉम्बे सिटी पोलीस' हा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. त्याची प्रकरणे प्रामुख्याने एकेका आयुक्ताच्या कारकिर्दीनुसार रचलेली आहेत. सर फ्रँक सुटर यांचा चोवीस वर्षांचा काळ, त्यानंतर विल्सन, मग व्हिन्सेंट. ज्यांच्या पट्ट्यावर क्रमांक नव्हता, ते इतिहासात नावानिशी आले. ज्यांच्यावर होता, ते संख्याबळाच्या तक्त्यांत मावले. त्यांची बक्कलेही फारशी उरली नाहीत, कारण पितळेला मोडीत भाव येतो. ब्रासो लावून ज्या धातूवर पिढ्यान्‌पिढ्या हात झिजले, त्याचे पुढे भांडे झाले असल्यास नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः २६ जानेवारी १९५० नंतर, गणवेशावरील मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष आला. महाराष्ट्र पोलिसांनी 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे संस्कृत ब्रीद स्वीकारले. चिन्हे बदलली, शिपायाला आकडा आणि अधिकाऱ्याला नाव ही वाटणी मात्र दप्तरात कायम राहिली. आजही कागदोपत्री पोलीस उपनिरीक्षक केवळ नाव व हुद्द्याने येतो. हवालदार व शिपाई ब. नं. सह.

या वाटणीला कायद्याचा धक्का बसला तो नागरिकाच्या बाजूने. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी जे निर्देश दिले, त्यांतील पहिलाच असा आहे की अटक करणाऱ्या पोलिसाने अचूक, स्पष्ट व दिसेल अशी ओळख आणि हुद्द्यासह नावाची पट्टी धारण करावी. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१ ब घालून हे बंधन १ नोव्हेंबर २०१० पासून वैधानिक झाले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये ते कायम आहे. हे बंधन शिपाई व अधिकारी असा भेद करीत नाही. कोठडीतील छळाविरुद्धच्या खटल्याने नागरिकाच्या रक्षणासाठी जे मागितले, त्यातून शिपायाला त्याच्या छातीवर त्याचे नाव मिळाले, ही बाब क्वचितच नोंदविली जाते. खात्याने ते आपण होऊन दिले नव्हते.

कायद्याच्या या कलमात शब्द आहे तो नावाचा, क्रमांकाचा नाही. तरीही पंचनाम्याच्या शेवटच्या ओळीत, नावाची पट्टी छातीवर असलेल्या त्याच शिपायाच्या सहीखाली, 'ब. नं.' लिहिला जातोच. मात्र ज्याला जाब विचारावयाचा आहे त्या नागरिकाला कमरेवरील आकड्यापेक्षा छातीवरील नाव वाचणे सोपे जाते, आणि पट्टी काढून ठेवलेली असेल तर ते लगेच ध्यानात येते.